पेशी न्यूक्लिओटाइड कशी बनवते, आवरते आणि मोडते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात हा धडा उघडला की दोन पानांवर पसरलेलं बाणांचं जाळं दिसतं आणि बहुतेक जण पान उलटतात. मला हा विषय मनापासून आवडतो, त्यामुळे तो असा टाळला गेला की वाईट वाटतं. रक्तक्षय, गाऊट (यूरिक ॲसिडच्या स्फटिकांनी होणारी सांधेदुखी), कर्करोगावरची बरीच जुनी औषधं, हिवतापाच्या परजीवीचं दुखरं ठिकाण हे सगळं त्या जाळ्यातच आहे. खालचे प्रश्न विद्यार्थी, रुग्णांचे नातेवाईक आणि नुसत्या कुतूहलाने वाचणारे पुन्हापुन्हा विचारतात. वाचताना एवढं ध्यानात असू द्या की न्यूक्लिओटाइड बनवणं पेशीला जमतं. तिचा कस लागतो तो प्रमाण राखताना.

न्यूक्लिओटाइड म्हणजे नेमकं काय?

तीन तुकड्यांचा रेणू. नायट्रोजन असलेलं एक कडं (त्याला बेस म्हणतात), पाच कार्बनची एक शर्करा आणि एक ते तीन फॉस्फेट. फॉस्फेट काढून टाकलं तर उरतं ते न्यूक्लिओसाइड. बेस दोन घराण्यांतले : ॲडेनिन आणि ग्वानिन हे जोडकड्यांचे प्युरिन, सायटोसिन, थायमिन आणि यूरॅसिल हे एकाच कड्याचे पिरिमिडिन. शर्करा रायबोज असेल तर आरएनएचा माल, तिच्यातला एक ऑक्सिजन कमी असेल तर डीएनएचा (डीऑक्सी). पुढे येणारी छोटी नावं अशी वाचा : ए, जी, सी, टी, यू ही बेसची आद्याक्षरं, शेवटचं एमपी, डीपी, टीपी म्हणजे एक, दोन, तीन फॉस्फेट, आणि आधी जास्तीचा ‘डी’ असेल तर डीएनएचा माल.

ती फक्त डीएनए आणि आरएनएसाठीच लागतात का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. पेशीचं ऊर्जेचं चलन एटीपी हे स्वतःच एक न्यूक्लिओटाइड आहे. १९२९ साली जर्मनीत कार्ल लोहमान यांना आणि अमेरिकेत सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना ते स्नायूंत स्वतंत्रपणे सापडलं. सुब्बारावांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे. एनएडी आणि कोएन्झाइम-ए या विकरांच्या (एन्झाइमांच्या) मदतनीस रेणूंच्या अंगातही ॲडेनिनचं न्यूक्लिओटाइड असतं. ग्लायकोजेन रचताना ग्लुकोज यूडीपीच्या पाठीवर बसून येतं. संप्रेरकाचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणारं सायक्लिक एएमपी हेही त्यातलंच.

त्यामुळे हा पुरवठा बिघडला की नुसतं पेशीविभाजन अडत नाही, पेशीचा सगळा व्यवहार हलतो.

मग अन्नातून आयती मिळत नाहीत का?

आपण खातो त्या प्रत्येक पेशीत डीएनए आणि आरएनए असतंच. पण आतड्यात त्यांचे तुकडे होतात, आणि प्युरिनचा बराचसा भाग आतड्याच्या पेशींतच मोडून यूरिक ॲसिड होतो. आपल्या डीएनएत जाऊन बसणारा वाटा नगण्य असतो. निरोगी माणसाचं शरीर आपल्याला लागणारी न्यूक्लिओटाइडं स्वतः घडवतं किंवा जुन्या मालातून परत मिळवतं. म्हणूनच ‘डीएनए दुरुस्त करणारी न्यूक्लिओटाइडची पावडर’ अशी जाहिरात दिसली तर निरोगी माणसाने पैसे जपून ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्युरिनचं कडं पेशी कशापासून बनवते?

याचं उत्तर कबुतरांनी दिलं. पक्षी शरीरातला जास्तीचा नायट्रोजन यूरिक ॲसिडच्या रूपात टाकतात. विष्ठेतला पांढरा भाग तोच. यूरिक ॲसिड म्हणजे प्युरिनचंच कडं. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात जॉन ब्यूकॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरांना खुणेचे अणू असलेले साधे पदार्थ दिले : कधी ग्लायसिन हे अमिनो आम्ल, कधी फॉर्मेट, कधी कार्बन डायऑक्साइड. मग विष्ठेतून यूरिक ॲसिड वेगळं काढलं, ते रासायनिक पद्धतीने एकेक तुकडा करत मोडलं आणि खुणेचा अणू कड्याच्या कोणत्या कोपऱ्यात बसला ते पाहिलं.

निघालं ते असं. ग्लायसिन सबंधच्या सबंध आत जातं आणि दोन कार्बन, एक नायट्रोजन देतं. दोन नायट्रोजन ग्लुटामिनचे, एक ॲस्पार्टेटचा (हीही अमिनो आम्लंच). एक कार्बन कार्बन डायऑक्साइडचा, आणि उरलेले दोन कार्बन फॉलेट नावाचं जीवनसत्त्व हातात धरून आणतं. नऊ अणूंच्या कड्यासाठी इतक्या ठिकाणांहून गोळा केलेलं सामान पाहिलं की मला आजही थक्क व्हायला होतं.

हे सगळं पेशी मोकळ्यावर जोडत बसत नाही. आधी रायबोज शर्करेला तीन फॉस्फेट लावून पीआरपीपी नावाचा पाया तयार होतो आणि त्या पायावर कडं चढत जातं. पायापासून दहा पायऱ्या झाल्या की आयएमपी हे पहिलं प्युरिन न्यूक्लिओटाइड मिळतं. तिथे रस्ता फुटतो : एक फाटा एएमपीकडे, दुसरा जीएमपीकडे.

पिरिमिडिनही तसंच बनतं का?

इथे क्रम उलटा आहे. आधी कडं पूर्ण होतं, मग ते पीआरपीपीवर चढवलं जातं. सामानही कमी लागतं : ग्लुटामिनचा नायट्रोजन, बायकार्बोनेटचा कार्बन आणि बाकी सगळं ॲस्पार्टेट. माणसात पहिल्या तीन पायऱ्यांची विकरं एकाच लांबलचक प्रथिनात ओवलेली असतात. चौथी पायरी मात्र मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या) आतल्या पडद्यावर, श्वसनसाखळीला चिकटून घडते.

शेवटची पायरी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पीआरपीपीवर कडं चढल्यावर मिळणाऱ्या ओएमपीमधला एक कार्बन डायऑक्साइड काढला की यूएमपी होतं. हे काम विकराविना आपोआप व्हायचं म्हटलं, तर पाण्यात निम्मे रेणू बदलायलाच सुमारे ७.८ कोटी वर्षं लागतील, असं १९९५ साली मोजलं गेलं. विकर हाताशी असलं की तेच काम सेकंदाच्या अंशात होतं. वेगातला फरक एकावर सतरा शून्यं इतका आहे.

पुरे झालं हे पेशीला कळतं कसं?

तयार मालच पहिल्या यंत्राला थांबवतो. याला प्रतिपोषी नियंत्रण म्हणतात, आणि पिरिमिडिनचा मार्ग हे त्याचं अगदी सुरुवातीचं उदाहरण. ई. कोलाय जिवाणूत ॲस्पार्टेट ट्रान्सकार्बामॉयलेज हे विकर मार्गाच्या तोंडाशी असतं. मार्गाच्या दुसऱ्या टोकाला तयार होणारं सीटीपी साचलं की ते या विकराला येऊन चिकटतं आणि त्याचा वेग उतरवतं. चिकटण्याची जागा विकराच्या कामाच्या जागेपेक्षा वेगळी असते. तिथे हात लागला की सगळं प्रथिन आपली ठेवण बदलतं. एटीपीही त्याच जागी चिकटतं, पण उलट परिणाम करतं : प्युरिन भरपूर आहे, पिरिमिडिन वाढवा. माणसात हाच लगाम एक पायरी आधी, कार्बामॉयल फॉस्फेट बनवणाऱ्या विकरावर असतो. यूटीपी तो ओढतं आणि पीआरपीपी सैल सोडतं.

प्युरिनच्या बाजूला एक देखणी सोय आहे. आयएमपीपासून एएमपी बनवायला ऊर्जा लागते ती जीटीपीची, आणि जीएमपी बनवायला लागते ती एटीपीची. म्हणजे ग्वानिनचा माल कमी पडला की ॲडेनिनचा फाटा आपोआप मंदावतो, आणि तसंच उलट. वर एएमपी आपल्या फाट्याचं दार लोटून घेतं, जीएमपी आपल्या, आणि दोघं मिळून मूळ रस्त्याची पहिली पायरीही रोखतात. दोन्ही पारडी सारखी ठेवायला पेशीने वेगळा हिशेबनीस नेमलेला नाही.

आरएनएच्या मालातून डीएनएचा माल कसा तयार होतो?

रायबोजवरचा एकच ऑक्सिजन काढून. ऐकायला किरकोळ वाटतं, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे फार अवघड काम आहे, आणि ते करणारं विकर आहे रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज. त्याचा सखोल अभ्यास स्वीडनमध्ये पीटर रायशार्ड यांनी आयुष्यभर केला. माणसातल्या या विकरात लोहाच्या आधाराने टायरोसिन या अमिनो आम्लावर एक मुक्त मूलक धरून ठेवलेला असतो. मुक्त मूलक म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन, एरवी पेशीला धोकादायक. इथे तो प्रथिनाच्या गाभ्यात जपलेला असतो आणि नेमक्या क्षणी शर्करेवर सोडला जातो. निघालेला ऑक्सिजन पाणी होऊन जातो.

लगाम किती बारीक आहेत ते पाहा. या विकराला नियंत्रणाच्या दोन जागा आहेत. पहिलीवर एटीपी बसलं तर विकर चालू, डीएटीपी बसलं तर बंद. दुसरी जागा ठरवते की आता चारांपैकी कोणाला हात घालायचा : तिथे डीटीटीपी बसलं की विकर ग्वानिनच्या मालाकडे वळतं, डीजीटीपी बसलं की ॲडेनिनच्या, आणि एटीपी किंवा डीएटीपी असेल तर सायटोसिन-यूरॅसिलच्या. चारही एकमेकांच्या नजरेखाली राहतात.

इतका बंदोबस्त कशासाठी? आपल्या एका पेशीला दोन व्हायचं तर सुमारे १,३०० कोटी डीऑक्सी न्यूक्लिओटाइडं लागतात. साठा मात्र एटीपीच्या ढोबळमानाने शंभराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी. पूर्ण जीनोमची नक्कल त्या साठ्यावर होऊच शकत नाही. लागेल तसा माल ताजा घडवावा लागतो. चारांपैकी एक कमी पडला तर नक्कल अडते आणि धागा तुटण्याचा धोका वाढतो. एक जास्त झाला तर तो चुकीच्या जागी बसतो आणि उत्परिवर्तनं वाढतात. विभाजन न करणाऱ्या पेशी तर हा साठा मुद्दाम खाली ठेवतात. मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींत, एसएएमएचडी१ नावाचं प्रथिन तो मोडत राहतं. एचआयव्ही आत शिरला तरी त्याला आपली प्रत काढायला माल पुरत नाही.

डीएनएत यूरॅसिल का चालत नाही, थायमिनच का?

सायटोसिनमधला एक अमिनो गट अधूनमधून आपोआप गळतो आणि त्याचं यूरॅसिल होतं. डीएनएत यूरॅसिलही कायदेशीर असतं, तर ही चूक ओळखताच आली नसती. थायमिन म्हणजे खूण केलेलं यूरॅसिल. त्यामुळे दुरुस्ती करणारी विकरं डीएनएत बिनखुणेचं यूरॅसिल दिसलं की ते कापून काढतात.

फॉलिक ॲसिड किंवा बी१२ कमी पडलं की रक्त का कमी होतं?

ती थायमिनवरची खूण, म्हणजे एक मेथिल गट, फॉलेट आणून देतं. यूरॅसिलच्या डीऑक्सी न्यूक्लिओटाइडवर (डीयूएमपी) थायमिडिलेट सिंथेज हे विकर तो गट बसवतं. फॉलेट नसेल तर थायमिन नाही आणि थायमिन नसेल तर डीएनएची नक्कल नाही.

अस्थिमज्जेत दर सेकंदाला लाखो तांबड्या पेशी घडत असतात, म्हणून फटका आधी तिथे बसतो. अशा रुग्णाच्या मज्जेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसतात. त्यांच्या केंद्रकातला धागा सैल, जाळीदार, कोवळ्या पेशीसारखा. भोवतीच्या द्रवात मात्र हिमोग्लोबिन भरून रंग आलेला. आरएनए आणि प्रथिनं वेळेवर तयार झाली, डीएनए मागे राहिलं. पेशी वाढली, पण दुभंगू शकली नाही. हे चित्र एकदा पाहिलं की बाणांचं जाळं पाठ करावं लागत नाही.

बी१२ चा संबंध थोडा वळणाचा आहे. फॉलेटचं एक रूप वापरून पुन्हा मोकळं करायला बी१२ लागतं. ते नसेल तर फॉलेट त्या एका रूपात अडकून पडतं. शरीरात असूनही कामाला येत नाही. म्हणूनच बी१२ ची कमतरता असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेणं धोक्याचं आहे. रक्त सुधारतं, तपासणी बरी दिसते, आणि बी१२ अभावी नसांचं होणारं नुकसान मात्र आतून चालूच राहतं.

कर्करोगाची औषधं इथे कशी बसतात?

भराभर दुभंगणाऱ्या पेशीला न्यूक्लिओटाइडं भराभर लागतात. तोच पुरवठा तोडायचा, ही कल्पना. सुब्बारावांच्या हाताखालच्या रसायनज्ञांनी लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिडचं संश्लेषण केलं आणि पुढे त्याच्याशी मिळतीजुळती, पण काम अडवणारी संयुगं बनवली. त्यातलं ॲमिनॉप्टेरिन बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या तीव्र कर्करोगाच्या १६ मुलांना दिलं, आणि १९४८ साली १० जणांत सुधारणा दिसल्याचं कळवलं. ती तात्पुरती होती. पण तोवर या आजारात कोणतंही औषध उपयोगी पडत नव्हतं. आजचं मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंड.

५-फ्लोरोयूरॅसिल थायमिडिलेट सिंथेजला अडकवून ठेवतं. हायड्रॉक्सीयुरिया रिडक्टेजचा तो जपलेला मूलक विझवतं. ६-मर्कॅप्टोप्युरिन प्युरिनचं सोंग घेऊन शिरतं. केस गळणं, तोंड येणं, रक्तपेशी घटणं हे त्रास यातूनच समजतात : केसांची मुळं, तोंडाचं अस्तर आणि मज्जा याही भराभर दुभंगणाऱ्या जागा आहेत, आणि औषधाला आपला-परका कळत नाही.

जुना माल परत वापरला जातो का?

हो, मोठ्या प्रमाणात. आयएमपी नव्याने घडवायला पीआरपीपीपासून पुढे चार एटीपी जातात. मोकळा झालेला बेस परत पीआरपीपीवर बसवायला एकच पायरी लागते. हायपोझँथिन (आयएमपीतला बेस) आणि ग्वानिन असे वाचवणाऱ्या विकराचं नाव एचजीपीआरटी.

हे विकर जन्मतः नसलं तर काय होतं ते १९६४ साली मायकेल लेश आणि विल्यम नायहन यांनी वर्णन केलं. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे बहुतेक रुग्ण मुलगेच. यूरिक ॲसिड प्रचंड वाढतं, हालचालींवर ताबा राहत नाही, आणि मूल स्वतःचेच ओठ व बोटं चावतं. वेदना त्याला होतात, ते रडतं, हात बांधून ठेवा असं सांगतं. औषधाने यूरिक ॲसिड खाली येतं, पण वागण्यात फरक पडत नाही. मेंदूचं दुखणं वेगळं आहे आणि त्याची पूर्ण उकल झालेली नाही. पालकांनी हे कधीच ‘हट्ट’ किंवा ‘वळण नसणं’ समजू नये, हे इथे आवर्जून लिहितो.

याच विकराचा एक उपयोग झाला. १९७५ साली केलर आणि मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि एचजीपीआरटी नसलेली कर्कपेशी यांचा संकर केला. मग नव्याने प्युरिन घडवण्याचा मार्ग औषधाने बंद केला. पुनर्वापराचं विकर नसलेल्या कर्कपेशी मेल्या, सुट्या राहिलेल्या प्रतिपिंडवाल्या पेशी फार काळ जगत नाहीतच, आणि तगल्या त्या फक्त संकरित पेशी. मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून मिळणाऱ्या एकसारख्या, प्रतिपिंडांची सुरुवात ही.

हिवतापाचा परजीवी तर प्युरिन स्वतः बनवूच शकत नाही. तो ते आपल्या तांबड्या पेशीतून उचलतो. पिरिमिडिनचं नेमकं उलट : ते त्याला उचलता येत नाही, बनवावंच लागतं. दोन्हीकडे औषधाला वाव आहे.

एका विकराच्या अभावी रोगप्रतिकारशक्तीच नाहीशी होते, हे खरं का?

खरं आहे. ॲडेनिनची न्यूक्लिओसाइडं मोडणारं ॲडेनोसिन डीॲमिनेज नसलं की लसिकापेशींत (जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींत) डीएटीपी साचतं. वर सांगितलेली रिडक्टेजची पहिली जागा आठवा : डीएटीपी तिथे बसून यंत्रच बंद करतं. एक माल अति झाला आणि बाकी तिन्ही आटले. लसिकापेशी मरतात, आणि बाळाला साध्या जंतूंपासूनही संरक्षण उरत नाही. सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलीवर जनुकोपचाराचा पहिला अधिकृत प्रयोग झाला तो याच आजारासाठी.

प्युरिन मोडल्यावर काय होतं? गाऊट नेमका कशामुळे?

हायपोझँथिन, मग झँथिन, मग यूरिक ॲसिड. शेवटच्या दोन्ही पायऱ्या झँथिन ऑक्सिडेज करतं. बहुतेक सस्तन प्राणी पुढे यूरिकेज वापरून सहज विरघळणारं ॲलंटॉइन बनवतात. माणसाच्या आणि मोठ्या वानरांच्या पूर्वजांत यूरिकेजचं जनुक निकामी झालं, त्यामुळे आपण यूरिक ॲसिडपाशीच थांबतो. ते फारसं विरघळत नाही. रक्तात सुमारे ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की सोडियम यूरेटचे स्फटिक होऊ शकतात, आणि शरीराच्या थंड टोकाला, पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात, आधी होतात. सांध्यातला द्रव ध्रुवित प्रकाशात पाहिला तर पांढऱ्या पेशींत अडकलेल्या चमकत्या सुया दिसतात. सूक्ष्मदर्शकातल्या कॉम्पेन्सेटर नावाच्या पट्टीच्या अक्षाला समांतर असताना पिवळ्या, आडव्या झाल्या की निळ्या.

‘खाण्यामुळे झालं’ असं रुग्णाला ऐकवलं जातं. खाण्याचा वाटा असतो, पण बहुतेकांत मुख्य कारण म्हणजे मूत्रपिंड यूरिक ॲसिड पुरेसं बाहेर टाकत नाही, आणि त्यात अनुवंशिकतेचा भाग मोठा. ॲलोप्युरिनॉल झँथिन ऑक्सिडेज रोखतं. त्यावर काम करणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ६-मर्कॅप्टोप्युरिन किंवा ॲझाथायोप्रिन चालू असेल तर ॲलोप्युरिनॉल सुरू होण्याआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. तीही याच विकराने मोडतात, आणि मोडणं थांबलं की नेहमीचा डोसही मज्जेला घातक ठरतो.

आणि पिरिमिडिन मोडल्यावर?

त्यांचं कडं उघडतं आणि सहज विरघळणारे छोटे रेणू तयार होतात, म्हणून पिरिमिडिनचा ‘गाऊट’ नसतो. पण मोडणारं पहिलं विकर, डीपीडी, काही लोकांत जन्मतः कमी असतं आणि त्याची एरवी जाणीवही होत नाही. अशा माणसाला ५-फ्लोरोयूरॅसिल दिलं की औषध मोडलं जात नाही, ते साचतं, आणि जीवावर बेतू शकतं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये हे उपचार सुरू करण्याआधी डीपीडीची तपासणी करावी अशी शिफारस केली. उपचार ठरत असतील तर तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. विषबाधा झालीच तर शेवटच्या डोसनंतर ९६ तासांच्या आत द्यायचं यूरिडिन ट्रायॲसिटेट नावाचं औषध अमेरिकेत २०१५ पासून मंजूर आहे. पोटात गेल्यावर ते यूरिडिन होतं, म्हणजे आपल्या पेशी रोज बनवतात तेच न्यूक्लिओसाइड, आणि खोट्या मालाला आरएनएतून बाजूला सारतं.